जिन्याचं नाटक जिन्यावरूनच वाचा

आंतोनिओ बुएरो बायेखो यांचं 'इस्तोरिया दे उना एस्कालेरा', म्हणजे 'एका जिन्याची गोष्ट', हे नाटक मी पुण्यात स्पॅनिशच्या वरच्या वर्गाला दरवर्षी शिकवते. माद्रिदमधली जुनी इमारत, भाड्याने राहणारी गरीब बिऱ्हाडं, तीन अंक, तीस वर्षं. वर्गात बहुतेक मराठी मुलंमुली असतात आणि पहिल्याच तासाला कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, ही तर आपली चाळ!" ते ऐकून मला बरं वाटतं, कारण मी स्वतः गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर वाढले. पण हे नाटक नीट समजून घ्यायचं असेल तर तुमची सुरुवात या वाक्यावर शंका घेण्यापासून झाली पाहिजे.

आपल्या चाळीचा जीव गॅलरीत असतो. तिथे माणूस थांबतो. तांदूळ निवडतो, पोरीची वेणी घालतो, रुसवा धरून कठड्याला टेकून उभा राहतो. जिन्यावरून माणूस फक्त जातो आणि येतो. माद्रिदमध्ये गॅलरीच्या चाळी नव्हत्या असं मुळीच नाही. मधे अंगण, चारी बाजूंनी लाकडी सज्जे, सज्ज्यावर ओळीने दारं, अशा इमारतीला तिकडे 'कोर्राला' म्हणतात. लावापिएस भागात मेसोन दे पारेदेस रस्त्यावर एक कोर्राला अजून उभी आहे. तिच्या समोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा दोरीवरचे कपडे बघून मला घशाशी दाटून आलं होतं. तिथल्या रंगभूमीलाही हे अंगण पाठ होतं. १८९७ सालची 'ला रेव्होल्तोसा' ही सार्सुएला, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, अशाच अंगणात घडते. कार्लोस आर्निचेस यांची शेजाऱ्यापाजाऱ्यांवरची छोटी, हसरी नाटकं प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली होती. थट्टा, मत्सर, भांडण आणि शेवटी दिलजमाई, अशी ती परंपरा.

म्हणजे बुएरो बायेखोंसमोर अंगण तयार होतं, सज्जे तयार होते. त्यांनी ते घेतले नाहीत, जिना घेतला. का घेतला, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि खाली जागा मोकळी ठेवा.

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आम्ही पहिल्या अंकाचं वाचन बसवलं आणि नेपथ्य म्हणून दोरी बांधली, बाज टाकली, पाण्याची पिंपं मांडली. मुलं दोरीखाली बसून वाचत होती. वाचन छान झालं आणि नाटक कुठेच सापडलं नाही. सगळे बसलेले, तर मग वर चढून दमणार कोण, आणि खाली उतरताना दुसऱ्याला चुकवणार कोण? त्यानंतर मी कामाचा क्रमच बदलला.

पहिलं वाचन एका बैठकीत, पेन खाली ठेवून करा. दोन तासांत होतं. नावांचा गोंधळ उडेल, उडू द्या. दुसऱ्या वाचनाआधी मोठा चार्टपेपर घ्या आणि पहिल्या अंकाच्या सुरुवातीची रंगसूचना वाचत जिना काढा. बुएरो बायेखो मुळात चित्रकलेचे विद्यार्थी, माद्रिदच्या सान फेर्नांदो कलाशाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांची रंगसूचना पेन्सिलीने उतरवता येते. दोन लँडिंग. मधे साधारण दहा पायऱ्या. साधासुधा, लोखंडी हातपट्टीचा कठडा. जिन्याच्या पोकळीवर लोंबणारा, जाळीतला धुळकट दिवा. खालच्या लँडिंगच्या बाजूला भिंत आत वळून तयार झालेला कोनाडा आणि त्यात एक मळकी खिडकी. वरच्या लँडिंगवर चार दारं, उजवीकडून डावीकडे क्रमाने आकडे दिलेली. कुठलं बिऱ्हाड कुठल्या दारामागे राहतं ते मी सांगणार नाही. संहितेत शोधा आणि दारांवर पेन्सिलीनेच लिहा, कारण पुढच्या अंकांत खोडावं लागणार आहे.

मग शर्टाची बटणं घ्या. प्रत्येक पात्राला एक बटण, आणि ज्यांचं रक्ताचं नातं त्यांना एकाच रंगाचं. वाचता वाचता बटणं हलवायची: कोण खालून आलं, कोण दार अर्धंच उघडून बोललं, कोण कुणाला बघून आत गेलं. मोठ्या मुलांना सुरुवातीला हे बालवाडीचं काम वाटतं. चौथ्या पानाला कुणी मान वर करत नाही.

पहिलाच प्रसंग जवळून बघू. विजेचं बिल वसूल करणारा माणूस धापा टाकत वर येतो आणि एकेक दार ठोठावतो. बेल नाही, ठोठावावंच लागतं. पाका तोंडाची फटकळ, बिल वाढलं म्हणून आवाज चढवते पण पैसे देते. हेनेरोसा गरीब स्वभावाची, नवऱ्याची नोकरी संपत आलेली, कसं जगायचं म्हणत देते. दोन्या असुन्सिओन या विधवा बाईंकडे पैसेच नाहीत, आणि ते चारचौघांत कबूल करण्याची लाज त्यांना बिलापेक्षा मोठी आहे. शेवटी त्यांचं बिल दोन मानुएल (इथे 'दोन' हा आकडा नाही, मानाचं संबोधन आहे) भरतात. भरतात कारण त्यांची मुलगी एल्विरा मागे लागते, आणि एल्विरा मागे लागते कारण असुन्सिओनबाईंचा देखणा मुलगा फेर्नांदो तिला हवा आहे. वरवर बघितलं तर शेजारधर्म. पण बटणं मांडून बघा: त्या एका बिलाने फेर्नांदोचं बटण मानुएलांच्या दाराकडे सरकायला सुरुवात झाली. दुसरा अंक उघडतो तेव्हा तो एल्विराचा नवरा आहे आणि त्यांना बाळ आहे. कुणी कुणाचे पैसे कुणासमोर भरले, एवढी एकच गोष्ट धरून हा प्रसंग तीन वेळा वाचा.

इथेच संबोधनांकडेही लक्ष द्या. भाषांतरात ही गोष्ट हमखास गळून पडते. मानुएल हे 'दोन', असुन्सिओन 'दोन्या', पण पाकाचा नवरा 'सेन्योर ख्वान' आणि हेनेरोसाचा नवरा 'सेन्योर ग्रेगोरिओ'. नावाआधी 'दोन' लागणं ही तिथे पांढरपेशेपणाची खूण. 'सेन्योर' आणि पुढे पाळण्यातलं नाव, ही कामकरी वस्तीची रीत. असुन्सिओनबाईंकडे बिलाला पैसे नाहीत, तरी त्या 'दोन्या' आहेत आणि शेवटपर्यंत राहतात. आपल्याकडेही एकाच मजल्यावर एकाला 'जोशीसाहेब' आणि दुसऱ्याला नुसतं 'पांडबा' म्हणतात, आणि दोघांचं भाडं सारखंच थकलेलं असतं. वहीत दोन रकाने करा: कोण कुणाला कसं हाक मारतं, आणि तिसऱ्या अंकापर्यंत त्यात काय बदलतं.

आता तो कोनाडा. पात्रं त्याला 'कासिनियो' म्हणतात, लाडाने, 'आपला छोटा क्लब' अशा अर्थाने. फेर्नांदो आणि उर्बानो लहानपणी इथे लपून पहिल्या सिगरेटी ओढायचे. अख्ख्या जिन्यात बसण्यासारखी ही एवढी एकच जागा, म्हणून मनातलं बोलणं इथेच होतं. फेर्नांदो कागद-वह्यांच्या दुकानात नोकरीला, उर्बानो कारखान्यात कामगार आणि संघटनेचा माणूस. फेर्नांदोला एकट्याच्या बळावर वर जायचं आहे. उर्बानो म्हणतो, एकटा माणूस कुठेच पोचत नाही, सगळ्यांनी मिळून जायला हवं. आणि फेर्नांदो जे सांगतो त्याने अंगावर काटा येतो: दिवस जातात, वर्षं जातात, काही बदलत नाही, आणि आपण हाच जिना चढत-उतरत राहणार याची त्याला भीती वाटते. दहा वर्षांनी बघू कोण कुठे पोचलं, असं दोघांचं ठरतं.

माझे विद्यार्थी इथे लगेच बाजू घेतात. बहुतेक उर्बानोची, कारण त्याची भाषा सरळ आहे आणि फेर्नांदो नुसता बोलघेवडा वाटतो. बाजू घ्या, पण शाईने लिहू नका. तिसऱ्या अंकात दोघंही याच जिन्यावर आहेत. 'फेर्नांदो आळशी होता म्हणून असं झालं' एवढंच उत्तर लिहिलेल्या पेपराला मी कमी गुण देते. उर्बानो आळशी नव्हता, मग त्याचं काय झालं, हेही लिहावं लागतं.

पहिल्या अंकाचा शेवट मी सगळ्यांत जास्त वेळ शिकवते. कार्मिना, हेनेरोसाची मुलगी, दुधाची बरणी घेऊन येते. फेर्नांदो तिला कोनाड्यात थांबवतो. आपलं प्रेम सांगतो आणि मग पुढच्या वर्षांचा हिशोब मांडतो: आधी ड्राफ्ट्समन होईन, मग आणखी शिकेन, मग पगार वाढेल, लग्न करू, दुसरीकडे राहायला जाऊ, कविताही लिहीन. तिचं चुंबन घ्यायला वाकताना त्याचा पाय बरणीला लागतो. दूध सांडतं. दोघं त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहतात आणि पडदा पडतो.

'सांडलेलं दूध म्हणजे अपशकुन' एवढ्यावर थांबू नका. स्पेनमधल्या शाळकरी पोरालाही इथे गवळणीची गोष्ट आठवते: डोक्यावर दुधाची घागर, मनात कोंबड्या, डुक्कर, गाय असे मनोरे, आणि एका उडीत सगळं जमिनीवर. सामानिएगो यांनी अठराव्या शतकात ती पद्यात सांगितली. त्याआधी, चौदाव्या शतकात, दोन ख्वान मानुएल यांच्या 'एल कोंदे लुकानोर'मध्ये ती मधाच्या मडक्याची आहे. आणि त्याच्याही मागे गेलात तर तुम्ही घरी पोचता. आपल्या पंचतंत्रातला सातूच्या पिठाचं मडकं खुंटीला टांगून खाली झोपलेला ब्राह्मण आठवा. पीठ विकून शेळ्या, शेळ्यांवरून गाई, मग घर, बायको, मुलगा सोमशर्मा, आणि बायकोला मारायला उगारलेली लाथ थेट मडक्यावर. पंचतंत्र पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, गेलं, तिथून अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं, आणि १२५१ च्या सुमारास अरबीतून कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेत उतरलं. ही साखळी मी फळ्यावर काढते तेव्हा वर्ग शांत होतो. या नाटकाशी आपलं खरं नातं असेल तर ते चाळीपेक्षा या मडक्यातून आहे. पण फरकही लिहा. ब्राह्मण आणि गवळण एकटे होते, त्यांचं स्वप्न फुटलं तर त्यांचंच फुटलं. इथे स्वप्न फेर्नांदोचं आहे आणि दूध कार्मिनाच्या घरचं.

दुसऱ्या अंकात रंगसूचना सांगते की दहा वर्षं गेली आहेत आणि ती कुठेच दिसत नाहीत: जिना तसाच मळका, दारांना बेल नाही, खिडकीच्या काचा धुतलेल्या नाहीत. आता बटणांचं काम करा. गेलेली माणसं बाजूला काढा, नवी ठेवा. कार्मिनाचे वडील ग्रेगोरिओ नुकतेच गेले आहेत. पाकाची मुलगी रोसा ही कार्मिनाचा भाऊ पेपे याच्याबरोबर लग्नाशिवाय राहते म्हणून तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं आहे. तेच सेन्योर ख्वान चोरून दुसऱ्या मुलीच्या, त्रिनीच्या हातात पैसे ठेवतात, रोसाला दे, माझं नाव सांगू नकोस म्हणून. हा छोटा प्रसंग मुलं घाईने ओलांडतात. कृपा करून ओलांडू नका. पहिल्या अंकात मानुएलांनी सगळ्यांदेखत पैसे भरले होते, हा बाप कुणाला कळू न देता देतो. दोन्ही प्रसंग समोरासमोर लिहिलेत की जिन्यावर पैसा कसा फिरतो त्याचा नकाशा तयार होतो. याच अंकात उर्बानो कार्मिनाला मागणी घालतो. ती हो म्हणते, तेव्हाचं तिचं बोलणं मोठ्याने वाचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मधे वहीत एक पान कोरं सोडा. नाटकात कुठेच साल दिलेलं नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला फक्त एवढंच म्हटलं आहे की आणखी वीस वर्षं झपाट्याने गेली आणि हा आपलाच काळ. नाटक पहिल्यांदा झालं १४ ऑक्टोबर १९४९ रोजी, माद्रिदच्या तेआत्रो एस्पान्योलमध्ये. तिथून मागे मोजा: दुसरा अंक १९२९, पहिला १९१९. म्हणजे त्या कोऱ्या पानात १९३६ ते १९३९चं यादवी युद्ध आहे, आणि त्याबद्दल एकही पात्र एक अक्षर बोलत नाही. का बोलत नाही ते समजायला लेखकाचं आयुष्य थोडं माहीत हवं. ते पराभूत प्रजासत्ताकाच्या बाजूने होते. १९३९ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली, काही महिने ती डोक्यावर टांगती होती, मग ती बदलून कैद झाली आणि ते १९४६ मध्ये सुटले. तुरुंगात त्यांनी कवी मिगेल एर्नांदेस यांचं पेन्सिलीने काढलेलं चित्र आजही सगळीकडे छापलं जातं. सुटल्यावर तीन वर्षांनी याच नाटकाला लोपे दे वेगा पारितोषिक मिळालं. युद्ध जिंकलेला हुकूमशहा फ्रांको याची सेन्सॉरशिप होती, युद्धावर उघड लिहिणं शक्यच नव्हतं. पण समोर बसलेल्या प्रेक्षकाला ती वीस वर्षं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लोकांनी इतकी गर्दी केली की दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे रिवाजाने होणारं 'दोन ख्वान तेनोरिओ' हे नाटक त्या वर्षी बाजूला ठेवावं लागलं.

त्या कोऱ्या पानावर युद्धाचा इतिहास उतरवू नका. फक्त पात्रांची नावं आणि १९३६ मधली त्यांची अंदाजे वयं लिहा. उर्बानोच्या नावासमोर लिहा, 'संघटनेचा माणूस'. युद्धानंतर स्वतंत्र कामगार संघटनांवर बंदी आली. तिसऱ्या अंकात उर्बानो संघटनेबद्दल किती बोलतो ते मग बघा.

तिसरा अंक. मालकाने इमारतीला रंगसफेदी केली आहे, दारांना विजेच्या बेल आल्या आहेत, खिडकीला रंगीत काचा, आणि भिंतीवर धातूची पाटी: 'किंतो', पाचवा मजला. आत्तापर्यंत आपण कितव्या मजल्यावर आहोत हेच ठाऊक नव्हतं, ते तिसऱ्या अंकात कळतं. आणि नेमकं तेव्हाच म्हातारी पाका सामानाची पिशवी घेऊन, कठड्याला धरून चढत येते. दमते, थांबते, आपल्या म्हातारपणाबद्दल बडबडते आणि कठड्यावरून हात फिरवते. आमच्या चाळीच्या कठड्याचं लाकूड हातांनी झिजून गुळगुळीत झालं होतं आणि माझी आजी वळणावर अशीच थांबायची, म्हणून हे स्वगत मी वर्गात स्वतः वाचत नाही, कुणाला तरी वाचायला देते.

नंतर दोन चांगल्या कपड्यांतले नवे भाडेकरू उतरतात, गाड्यांच्या गोष्टी करत, जुने भाडेकरू जागा सोडत नाहीत म्हणून कुरकुरत. पागडीच्या घरात वाढलेल्या मुलांना हा प्रसंग समजवावा लागत नाही, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही. वेळ द्या त्रिनी आणि रोसा या बहिणींना. एक घर धरून राहिली, एक घर सोडून गेली. दोघी आता एकाच दारामागे आहेत, दोघींना मूल नाही.

मग ते मोठं भांडण, जिन्यावर, सगळ्यांसमोर. फेर्नांदो आणि एल्विराचा मुलगा फेर्नांदो, उर्बानो आणि कार्मिनाची मुलगी कार्मिना, ही दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली आहेत आणि आईबापांना ते नको आहे. तीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर येतं: कुणी कुणाला फसवलं, कोण कुणाच्या पैशावर जगलं. नाटकाच्या आरंभी छापलेलं बायबलमधल्या मीखाचं वचन, माणसाचे वैरी त्याच्या घरातलेच असतात, ते इथे आठवा.

शेवटच्या पानासाठी मी एकच अभ्यास देते. धाकट्या फेर्नांदोचं बोलणं आणि पहिल्या अंकातलं थोरल्याचं बोलणं दोन रकान्यांत, ओळीला ओळ लावून उतरवा. तेच बेत, त्याच क्रमाने. मग फरक शोधा, कारण फरक आहेत. मुलगा आईबापांना बघून बोलतोय. बापासमोर तसं कुणी नव्हतं. बरणीही नाही. यावरून आशा वाटते की नाही, यावर वर्गात दरवर्षी वाद होतो. माझं मत असं की धाकट्याचं बोलणं पूर्ण विश्वासाने म्हटलं पाहिजे. त्याच्या आवाजात पराभवाची चाहूल आणली की प्रेक्षकाचं काम नट करून टाकतो.

आणि हे दृश्य टेबलावर वाचू नका, खऱ्या जिन्यावर उभं राहून करा. कुठलाही चालेल, आम्ही वर्गाबाहेरचाच घेतो, संध्याकाळी सगळे गेल्यावर. धाकटी दोघं खाली कोनाड्यात. वर थोरला फेर्नांदो आणि थोरली कार्मिना आपापल्या दारांतून बाहेर येतात, मुलांचं बोलणं कानावर पडतं. दोघांना एकही वाक्य नाही. ती एकमेकांकडे बघतात, आणि रंगसूचनेनुसार त्यांची नजर जिन्याच्या पोकळीवरून, खालच्या मुलांना न शिवता, एकमेकांना भेटते. गॅलरीत ही नजर शक्य नाही. तिथे सगळे एका रांगेत, एका पातळीवर. मधे पोकळी हवी आणि खाली कुणीतरी हवं.

गेल्या वर्षी थोरली कार्मिना झालेल्या मुलीला मी एवढंच सांगितलं होतं की पडदा पडेपर्यंत कठड्यावरून हात काढू नकोस. पडदा नव्हताच. खालच्या दोघांचं बोलून संपलं, वॉचमन किल्ल्या घेऊन पायरीवर येऊन थांबला होता, आणि ती कठडा धरून समोर बघत तशीच उभी होती.